सूपभर कोंडा

पुणे, ९ सप्टेंबर २०२४

प्रेमिला मावशी,

फोन सोडून पत्र काऊन लिहून राहिली, असं तू म्हणशील. तुझ्या फोनचा स्पीकर बंदच होत नाही. मी हॅलो म्हटलं की मौसाजी ऐकतात, कोंबड्या ऐकतात, आणि भिंतीपलीकडून वच्छलाकाकू उत्तर देते. हे सगळ्यांनी ऐकायचं नाहीये. म्हणून लिफाफा.

एप्रिलमध्ये तुझ्या चुलतबहिणीची पोरगी म्हणून तू मला दीड महिना घरात ठेवलंस. गोंदियाशेजारच्या कुडव्यात वाढलेल्या मला तळ्यातला मासा साफ करायला शिकवलंस. आणि गावातल्या बेचाळीस घरांनी मला रक्त दिलं, ते माझ्यासाठी नाही, तुझ्यासाठी. तेव्हा मी काय सांगितलं होतं आठवतं? या तळ्याकाठी पिढ्यान्पिढ्या ताप आले, खोकले आले, जुलाब आले. जे त्यातून जगले त्यांच्या अंगात लढायची काही ताकद होती. ती त्यांच्या पोरांत उतरली. ती रक्तात लिहिलेली असते आणि आम्ही प्रयोगशाळेत बसून ती वाचतो. तू म्हणाली होतीस, "वाच बाप्पा, पन मले नापास नको करू."

नापास नाही केलं. दोन गोष्टी विचारायच्या आहेत फक्त.

तुझ्या फॉर्मवर 'जिवंत अपत्ये' समोर एक लिहिलंय, 'मृत अपत्ये' समोर शून्य. अक्षर माझंच आहे. पण मी विचारलं तेव्हा तू गॅस बंद करायला उठलीस. गॅस चालू नव्हता.

दुसरं. वच्छलाकाकूचा कैलाश, म्हणजे तुमचा कोंडू, रक्त घेतलं त्या दिवशी नक्की तिच्याच रांगेत बसला होता ना?

आणि तेव्हा रक्त द्यायला माहेरी आलेल्या भूमिकाला आता सातवा लागला असेल. बाळंतपणाला तुझ्याकडेच येणार का? तारीख कधीची दिलीय?

तुझी
प्रेरणा


नवेगाव बांध, १९ सप्टेंबर

प्रेरणा पोरीले,

तुयं पत्र भेटलं. पोस्टमन बकाराम सडकेवरूनच ओरडला, "मावशी, पुन्याहून सरकारी आलं वो!" अर्धी आळी गोळा झाली. मी सांगतलं, रक्ताचा रिपोट हाय, शुगर नाई निंगाली. तवा लोकं घरी गेले. काहीच नाई निंगालं म्हनून नाराज होऊन गेले.

दोन गोष्टी इचारतो म्हनते अन् तीन इचारते. शाळेत तुयं गनित असंच होतं का?

मले एकच लेकरू. भूमिका. फारम बरोबर हाय. गॅसचं मले आठवत नाई.

कोंडू वच्छलाचा पोरगा हाय, तर वच्छलाच्याच रांगेत बसन ना. मौसाजीच्या मांडीवर बसन का? पन त्याचं काऊन इचारून राहिली तू? त्याच्या रक्तात काही निंगालं का? खरं सांग, लपवू नको. धडधाकट हाय तो. सकाळीच तळ्यावरून आला, दोन मानसाचं जेवून राहिला. दिसाले काहीच नाई. तरी पन तू नीट पाहून सांग. दोनदा पाहून सांग.

भूमिका दसऱ्याच्या आंधी येनार. २६ नोव्हेंबर तारीख देल्ली. धान घरात आल्यावर. तिले काही त्रास नाई.

मी सातवीच शिकली पन बचत गटाच्या सभेचं लिवनं मायाकडेच हाय, म्हनून अक्षर वाचता येईन तुले.

मावशी


पुणे, २७ सप्टेंबर

मावशी,

कोंडूच्या रक्तात काही नाही. दोनदा पाहिलं. तू तुझ्याबद्दल एकदाही विचारलं नाहीस, भूमिकाबद्दल नाही, मौसाजींबद्दल नाही. फक्त त्याच्याबद्दल. हे मी नुसतं लिहून ठेवते.

आता जे सांगते त्यात वच्छलाकाकूबद्दल वाईट काही नाही, आधीच सांगते.

नळ्यांवर नावं नसतात, नंबर असतात. कुठला नंबर कोणाचा, ती यादी कपाटात कुलपात असते आणि किल्ली माझ्याकडे. आई-बाप-लेकरू असे तिघं जुळवून पाहायचे असतात. संगणक म्हणतो, एकतीस नंबर हा सतरा आणि अठराचा मुलगा आहे. शंभर टक्के. एकतीस म्हणजे कोंडू. सतरा तू. अठरा मौसाजी.

सर म्हणाले, "प्रेरणा, चिठ्ठ्या बदलल्या तुझ्या हातून. त्या दिवसाच्या अडतीस नळ्या बाद कर." मी एक एक चिठ्ठी माणूस खुर्चीवरून उठायच्या आत लावली होती, मावशी. माझी चूक असेल तर मी बाद करते. पण मला वाटत नाही माझी चूक आहे. मला वाटतं फॉर्म चुकलाय.

मी नोकरीसाठी विचारत नाहीये. कशासाठी विचारतेय ते सांगायची मला आत्ता परवानगी नाही. तू मला फक्त खरं सांग. तुला मुलगे झाले होते का?

प्रेरणा


नवेगाव बांध, ८ ऑक्टोबर

प्रेरणाबाईले,

तू मायाइथं दीड महिना जेवली. मी तुले पाहुनी नाई समजलं, पोरगी समजलं. अन् तू मशीनचं ऐकून वच्छलाच्या अन् मायामंधी येऊन राहिली.

मशीनले काय समजते? कोंडूले गोवर आला तवा मशीन जागली का? वच्छला जागली. शाळेत तिच्या नवऱ्याचं नाव, आधारवर त्याचंच नाव. तो तिले आई म्हनते, मले मोठी आई म्हनते. साऱ्या गावाले मालूम हाय तो कोनाचा. तुलेच कायले पाह्यजे?

देवरीकडची पोरगी पाहून राहिलो त्याच्यासाठी. लोकं चांगले हायत. त्याईच्या कानावर गेलं का याची माय याची माय नाई, तर सोयरिक राहीन का? मंग तू येशीन का त्याच्यासाठी पोरगी शोधाले?

आता भूमिका आली घरी. पाय सुजले हायत तिचे. तिच्यासमोर तुया पत्राचा विषय नको. तुयी चिठ्ठी मी चुलीत टाकली. पुन्हा असं लिवू नको.

मावशी

ता.क. त्याच्या रक्तात खरंच काही नाई ना? "पाहिलं" म्हनते, पन कोनी पाहिलं, तू का तुया सरानं?


पुणे, १६ ऑक्टोबर
(हे पाठवलं नाही)

मावशी,

हे मी तुला सांगायचं नाही असा नियम आहे. म्हणून इथे सांगते आणि मग फाडते.

तुझ्या आणि भूमिकाच्या रक्तात एका जागी एक अक्षर वेगळं आहे. हे अक्षर वाईट आहे का, कोणालाच माहीत नाही. मी आमच्या नैतिकता समितीपुढे गेले. पाच माणसं, एक बिस्किटांची बशी. म्हटलं, या घरातली मुलगी पोटुशी आहे, तिला सांगू द्या. ते म्हणाले, काय सांगणार? जगातल्या कुठल्याच यादीत नसलेलं एक अक्षर? असली अक्षरं तुझ्यात-माझ्यातही निघतील. आठव्या महिन्यातल्या बाईला त्यावरून घाबरवायचं? त्या घरात लहानपणी मुलगे दगावल्याचं कोणी सांगत असेल तर गोष्ट वेगळी. सांगतं का कोणी?

मी फॉर्म उघडला. 'मृत अपत्ये : शून्य'. माझंच सुंदर अक्षर.

मी त्यांना म्हटलं, शून्य खोटं आहे. पुरावा काय? म्हणे. मी म्हटलं, एक बाई न चालू असलेला गॅस बंद करायला उठली होती.

ते हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.


पुणे, २१ ऑक्टोबर

मावशी,

फोन केला होता. भूमिकानं उचलला. म्हणाली, बाळ लाथा मारतं, फुटबॉलर होणार. मी म्हटलं, मजा आहे. दुसरं काय म्हणणार? मागून तुझा आवाज आला, "कोन हाय? सांग, सारे बरे हायत." आणि फोन बंद झाला.

कोंडूचं रक्त मी स्वतः पाहिलं. सरांनी नाही.

तुला लांब पत्र लिहायचं नसेल तर नको लिहूस. एका कार्डावर फक्त हो किंवा नाही लिही. कशाचं हो आणि कशाचं नाही, ते तुला कळतं.

प्रेरणा


नवेगाव बांध, २८ ऑक्टोबर
(पोस्टकार्ड)

नाई.

दिवाळीच्या करंज्या पार्सल केल्या. बकाराम म्हने फुटन, फुटल्या तर चुरा खाजो. भूमिका बरी हाय.


पुणे, ४ नोव्हेंबर

मावशी,

करंज्या फुटल्या. चुरा खाल्ला. खाता खाता ठरवलं की हे पत्र पाठवायचं. हे समितीला कळलं तर माझं काय होईल ते मला माहीत नाही. हे चुलीत टाकायच्या आधी पूर्ण वाच एवढंच.

आपल्या अंगात जंतूंशी लढणारे शिपाई असतात असं समज. ते तयार करायचा एक हुकूम रक्तात लिहिलेला असतो. बाईकडे या हुकमाच्या दोन प्रती असतात. एक बिघडली तरी दुसरीवर काम चालतं. पुरुषाकडे एकच असते, आईकडून आलेली. तुझ्या दोन प्रतींतल्या एकीत एक अक्षर बदललेलं आहे. तीच प्रत भूमिकाकडे आलीय. म्हणून तुम्ही दोघी ठणठणीत आहात. एकतीस नंबरकडे, म्हणजे तो ज्याचा कोणाचा असेल त्या कोंडूकडे, तुझी चांगली प्रत आलीय.

ते बदललेलं अक्षर साधं असेल तर काही नाही. पण वाईट असेल आणि भूमिकाला मुलगा झाला, तर निम्मी शक्यता आहे की त्याच्याकडे शिपाईच नसतील. असं बाळ जन्मतं तेव्हा गुटगुटीत दिसतं. दोन-चार महिने आईच्या ताकदीवर निघतात. मग तोंडात पांढरा थर येतो, दूध ओढत नाही, खोकला सुटत नाही, जुलाब थांबत नाहीत. आणि जन्मल्याबरोबर दंडावर टीबीची लस देतात ना, ती साऱ्या बाळांना वाचवते, पण अशा बाळाला तीच झेपत नाही. लसीतला अर्धमेला जंतू त्याच्यात वाढत जातो. तोंडात टाकायच्या पोलिओच्या थेंबांचंही तेच. आधी कळलं तर या लसी थांबवता येतात, रक्त तपासता येतं, आणि यावर उपचार आहे. उशिरा कळलं तर नाही.

आम्ही जगलेल्यांचंच रक्त घेतो, मावशी. माणसाच्या अंगानं हजारो वर्षं कशी लढाई केली, ते आम्ही फक्त जिंकलेल्यांना विचारून लिहितो. जे गेले त्यांची नळी नसते. त्यांच्याबद्दल कोणीतरी सांगावं लागतं.

हे अक्षर वाईट आहे का, ते संगणक सांगू शकत नाही. सर नाही सांगू शकत. जगात एकच बाई सांगू शकते आणि ती मला शून्य म्हणाली.

बावीस दिवस उरलेत. त्यातले पाच टपालात जातील.

प्रेरणा


नवेगाव बांध, १३ नोव्हेंबर

प्रेरणा पोरी,

तुयं पत्र चार दिवस पोलक्यात ठेवून फिरली. धान कापाले गेली तरी संगं. भूमिका म्हने, "आई, कागद वाजून राहिला तुया अंगात." मी म्हटलं, म्हातारपन वाजते.

शेवटी वच्छलाकडे गेली. दार लावलं अन् सारं वाचून दाखवलं. मंग ते म्हने, "तोंडानं म्हनाची मनाई हाय. लिवाची मनाई कोनी केली? लिव अन् पाकीट बंद कर." आता मी तिच्याच घरी बसून लिवून राहिली. ते समोर वालाच्या शेंगा सोलून राहिली अन् मायाकडे पाहत नाई.

तीन गेले. तिन्ही पोरं.

पहिला पाच महिन्याचा. जसं तू लिवलं तसंच. तोंडात पांढरं, बोटानं पुसलं तर लाल निंगे, दुसऱ्या दिवशी पुन्हा पांढरं. लोकं म्हनत नजर हाय. दुसरा सात महिन्याचा, तसाच. तिसऱ्याले सुई देल्ली होती दंडावर. ते जागा फुटली ते भरलीच नाई. काखेत गाठी आल्या लिंबासारख्या. चार महिन्यात गेला. मी सुईले शिव्या देल्ल्या, नर्सबाईले शिव्या देल्ल्या. तुयं पत्र वाचून समजलं का त्या बिचारीचा काही गुन्हा नोता. पहिल्याचं नाव ठेवलं होतं. ते लिवत नाई. पुढच्या दोघाचं ठेवलंच नाई.

चवथा झाला तवा सासू म्हने, याले आपला म्हनाचं नाई, इकून टाक. आमच्याकडे असं करते. दुसऱ्या कोन्या बाईले इकलं का मंग ते लेकरू आपलं राहत नाई, तर आपल्या नशिबाचं मरनबी त्याले लागत नाई. वच्छलाले लेकरू नोतं. बाराव्या दिवशी ते अंगनाच्या बाहेर उभी राहिली, सुपात कोंडा घेऊन. मी पोरगा देल्ला, तिनं सूपभर कोंडा देल्ला. म्हनून तो कोंडू. कोंडा गाईले चारला, का वापस मांगता नाई आलं पाह्यजे.

बाकीच्या घरी नुसतं नावाले इकतात, लेकरू मायच्याच कुशीत राहते. पन मी लय भेली होती पोरी. मी पक्का इकला. दूध पाजाले जात होती भिंतीपलीकडे, पाहुन्यासारखी. दूध सुटलं तवा तेबी जानं सुटलं. अट एकच, मी त्याले आपला म्हनाचं नाई, कधीच. म्हटलं का सौदा मोडते. मंग त्याच्यामांगं ते येते, जे तिघाच्या मांगं आलं होतं.

तुले शून्य काऊन सांगतलं ते आता समजलं का? तीन म्हटलं असतं तर तू इचारलं असतं, मंग? मंग चवथा कुठं हाय? एकदा मोजनी सुरू झाली का त्याच्यापर्यंत येतेच.

भूमिका झाली तवा कोनी इकाचं नाव नाई काढलं. पोरगी हाय, तिले कोन नजर लावते म्हने. म्हनून ते मायाजवळ राहिली. म्हनून मले एक तरी राहिली. अन् आता तू म्हनते का तिच्यातच हाय.

मी दारातून पाहून राहिली. कोंडू अंगनात जाळं सांधून राहिला. भूमिका त्याच्याजवळ खाटेवर बसून त्याले चिडवून राहिली, देवरीवाली तुले नापास करन म्हने. मी हे पाकीट टाकलं का सौदा मोडला. नाई टाकलं तर भूमिकाचं लेकरू. सत्तावीस वर्सं मी एक गोष्ट सांभाळली बाई. तीच मोडाले सांगून राहिली तू.

टाकून राहिली. त्याले काही झालं तर मी तुले बोल लावनार नाई. पन तुयं तोंडबी पाहनार नाई.

प्रेमिला


पुणे, १८ नोव्हेंबर
(स्पीड पोस्ट)

मावशी,

पत्र आज अकरा वाजता मिळालं. नावं झाकून समितीला दाखवलं. तिसऱ्या बाळाच्या काखेतल्या गाठींपर्यंत आल्यावर एक डॉक्टरबाई म्हणाल्या, "पुरे." पंधरा मिनिटांत परवानगी. भूमिकाला नागपूरच्या डॉक्टर स्वतः फोन करतील, सगळं समजावतील. तुझ्या स्पीकरवर सारी आळी ऐकेल, ऐकू दे. मी चार तारखेला जे केलं तेही त्यांना सांगितलं. त्याचं नंतर बघू म्हणाले.

सोबत एक बंद लिफाफा आहे, बाळंतपणाच्या डॉक्टरांसाठी. मुलगा झाला तर नाळेचं रक्त लगेच नागपूरला. टीबीची लस नाही, पोलिओचे थेंब नाहीत, निकाल येईपर्यंत. कोणी गडबडीत सुई घेऊन आलंच तर दारात उभं राहायला एक माणूस ठेव.

कोंडूला काही होणार नाही. हे मी प्रेरणा म्हणून लिहितेय. संगणकाला सौदा कळत नाही, पण मी रोज सकाळी वच्छलाकाकूला फोन करून विचारणार आहे, कोंडू जेवला का. ती म्हणेल, "दोन मानसाचं." मग मी कामाला लागेन.

प्रेरणा


नागपूर, ११ डिसेंबर

प्रेरणा पोरी,

फोनवर तू रोज बोलते, पन सारं बोलता येत नाई. दवाखान्यासमोरच्या धर्मशाळेत बसून लिवून राहिली.

चोवीस तारखेले पोरगा झाला ते तुले मालूमच हाय. सव्वातीन किलो, गोरापान. तिकडं गावाकडच्या दवाखान्यात नवी नर्स होती, तिले कोनी सांगतलंच नोतं. ट्रे घेऊन आली. दारात वच्छला उभी. "बाई, सरका." "नाई सरकत." "आजीबाई, सगळ्या बाळाले देतात." "सगळ्या बाळाले दे, याले नको देऊ. अगुदर हे चिठ्ठी वाच." ते वाचून गेली डॉक्टरकडे. वच्छला मंग तिथंच दारात खाली बसली.

काल निकाल आला. त्याच्यात हाय. तेच अक्षर.

इथं नागपूरले आनून काचेच्या खोलीत ठेवलं त्याले. भूमिका आंधी हात धुते, मंग पुन्हा धुते, टोपी, मास्क. मी काचेतून पाहते. डॉक्टरबाई म्हने, सुई नाई टोचली, थेंब नाई गेले, हे लय मोठं काम झालं. हाडातला मगज द्या लागन कोनाचा तरी. जुळते का पाहासाठी जवाईचं रक्त घेतलं, कोंडूचंबी घेतलं. हातभर दाढीवाला पोट्टा सुई पाहून डोळे मिटून बसला. दोन महिने लागन, चार लागन, जीव अटकूनच हाय. पन या वक्ती वेळ हाय म्हने हातात. त्या तिघाच्या वक्ती आम्हाले मालूमच नोतं का वेळ चालू हाय.

कोंडूले मी सांगतलं. तोंडानं. दवाखान्याच्या बाकावर. मोडलाच हाय सौदा तर पुराच मोडू म्हटलं. तो म्हने, "मले आठवीपासून मालूम हाय. पोट्टे चिडवत, कोंड्याच्या भावाचा म्हनून." मी म्हटलं, मंग बोलला काऊन नाई? तर म्हने, "तुम्ही दोघी एवढं सांभाळून राहिल्या, मी कायले मोडू?" वच्छलाले मी म्हटलं, कोंडा वापस देतो तुले. ते म्हने, "सत्तावीस वर्साचा पोट्टा, अन् कोंड्याच्या भावात वापस मांगते का वो? भाव वाढला आता." मंग तिघंबी हासलो. मंग मी रडली, ते त्याईनं नाई पाहिलं.

आता एक गोष्ट. तू लिवलं होतं का कोंडूकडे मायी चांगली प्रत आली. जन्मतानीच आली. मंग मी त्याले इकला नसता, तरी तो वाचला असता का? मायाच घरात? मायाच ताटात जेवला असता का?

याचं उत्तर मले लिवू नको. तू लिवलं तर मी चुलीत टाकनार नाई, वाचीन. म्हनून लिवू नको.

अन् एक काम हाय. भूमिका बीएस्सी झाली, तिले सारं समजते, तुया रिपोटातला शब्द न् शब्द समजते. काल ते काचेकडे पाहत म्हने, "आई, यालेबी इकून टाकू." मी म्हटलं, अगं, आता त्याले मगज भेटनार हाय. म्हने, "तेबी करू. हेबी करू." वच्छला म्हातारी झाली. घेनारी जवान पाह्यजे, अन् आपल्या घरची नको. मले तूच सुचली. तुया हातून आजवर काही गेलं नाई.

घेशीन का?

मावशी


पुणे, १६ डिसेंबर

मावशी,

तू लिहू नको म्हणालीस त्याचं उत्तर मी तीन वेळा लिहिलं. तिन्ही कागद माझ्याकडे आहेत. तुझ्याकडे येणार नाहीत.

तुझा फॉर्म मात्र दुरुस्त केला. 'जिवंत अपत्ये' समोर दोन, 'मृत अपत्ये' समोर तीन. अडतीस नळ्या बाद नाही झाल्या. सर म्हणाले, पुढच्या गावात हा प्रश्न वेगळा कसा विचारायचा ते तूच लिहून दे. मी लिहिलं, प्रश्न विचारून झाला की थोडं थांबायचं. बाई उठून कुठे जाते ते पाहायचं.

गुरुवारच्या महाराष्ट्र एक्सप्रेसचं तिकीट काढलंय. पण नागपूरला उतरत नाही. पुण्यात धानाचा कोंडा मिळेना. दोन दुकानं फिरले, एकानं मला गव्हाचं चोकर दिलं, डाएटवर आहे का म्हणाला. म्हणून सरळ गोंदियाला येते, कुडव्याला बाबांना भेटते, राइस मिलमधून ताजा कोंडा घेते आणि उलट्या गाडीनं नागपूरला येते.

डॉक्टरबाईंना विचारलं. कोंडा वॉर्डात तर सोडच, त्या मजल्यावरही आणायचा नाही. त्यात बुरशी असते, ती आपल्याला काही करत नाही, त्याला करेल. म्हणून तो दुहेरी पिशवीत बंद राहील आणि सौदा खाली रस्त्यापलीकडे, तुझ्या धर्मशाळेच्या पायरीवर होईल. भूमिकानं तिथेच घ्यायचा. नंतर तिनं अंघोळ करायची, कपडे बदलायचे, मगच वर जायचं. मीही. बाळाला माझ्या हातात द्यायची काही गरज नाही ना? वच्छलाकाकूला विचार, चालतं का असं. तिला सगळे नियम माहीत आहेत.

आणि माझी एक अट आहे. त्याच्या अंगात शिपाई आले, डॉक्टर म्हणाले आता घरी न्या, की त्या दिवशी मी तो भूमिकाला परत देणार, आणि ती त्याला जगासमोर, मोठ्यानं, स्पीकरवर आपला म्हणणार. सत्तावीस वर्षं मी थांबणार नाही. अट मंजूर असेल तरच घेते.

रुग्णालयातल्या फॉर्मवर आईच्या नावापुढे भूमिकाच राहील. कागद मी खरा ठेवते. तोंडानं तुम्ही काय म्हणायचं ते म्हणा. कोणी विचारलं तर सांगा, पोरगा पुण्याच्या प्रेरणाचा आहे, इथे नुसता ठेवलाय.

सूप मात्र वच्छलाकाकूचं आण. तेच, जुनं. शनिवारी सकाळी दहाला येते. पायरीवरचं झालं की वर जाऊ. तू मला तो काचेतून दाखव. मी काचेतून घेते.

प्रेरणा